नामनिशाण

संगीताचा संग्रह करणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे लोक हंसतात: ज्यांना संगीताची मुळींच आवड नाहीं ते, आणि ज्यांना समोरासमोरच्या मैफलीखेरीज दुसरें संगीतच मान्य नाहीं ते. मी या दोहोंच्या मधला, संसारी श्रोता आहें. दिवसभर इंग्रजी कवितेचें अध्यापन करून घरीं आल्यावर तासभर ख्याल ऐकला कीं माझा दिवस सार्थकीं लागतो. वडिलांच्या तबकड्या, माझ्या तरुणपणच्या कॅसेटी व नंतरच्या सीड्या यांची जागा आतां जालावरून उतरवून घेतलेल्या फायलींनीं घेतली आहे. चांगल्या प्रतीच्या फायली बहुधा 'फ्लॅक' या रूपांत मिळतात. परंतु ज्या ॲपल संगणकावर मी त्या ऐकतों, त्याच्या संगीतसंग्रहाला हें रूप चालत नाहीं. मौज अशी कीं, तोच संगणक सुटी फ्लॅक फाईल विनातक्रार वाजवून दाखवितो. संग्रहांत मात्र तिला थारा नाहीं. सबब तिचें 'ॲपल लॉसलेस' या दुसऱ्या रूपांत परिवर्तन करावें लागतें. यंदाची मे महिन्याची सुटी मीं या उद्योगांत घालविली.

रूपांतर हा शब्द ऐकतांच माझ्यासारख्या शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. शेलीची कविता मराठींत आणतांना काय काय सांडतें, हें मीं तीस वर्षें पाहिलें आहे. परंतु येथील रूपांतराची जात निराळी. सीडीवरील ध्वनि म्हणजे अखेर आंकड्यांची रांग: दर सेकंदास ४४,१०० मोजमापें, आणि तींही डाव्या व उजव्या बाजूचीं वेगळीं. तासाभराच्या गायनाला ६०० एमबींहून अधिक जागा लागते. ती कमी करण्याची युक्ति आपल्या घरांतील दुधाच्या हिशेबासारखी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत 'आज एक लिटर' असें रोज कोणी लिहीत नाहीं. रतीब ठरलेला असतो. ज्या दिवशीं दूध कमीजास्त झालें, तेवढ्याच चौकोनांत खूण होते, आणि महिनाअखेर हिशेब पैपर्यंत बरोबर येतो. फ्लॅकचें असेंच आहे. मागील आंकड्यांवरून पुढला आंकडा काय असेल याचा अंदाज बांधावयाचा, आणि अंदाज जेवढा चुकला तेवढी चूकच टिपून ठेवावयाची. गाणें बहुधा निम्म्याहून थोड्या अधिक जागेंत मावतें, आणि उलगडतांना एकही आंकडा इकडचा तिकडे होत नाहीं. फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ति २००१ सालची. ॲपलचें रूप २००४ चें, व त्याची आंतली रचना २०११ पासून सर्वांना खुली आहे. दोन्हींच्या मुळाशीं हीच रीत असल्यामुळें एकाचें दुसऱ्यांत करणें म्हणजे दुधाचा तोच हिशेब एका दिनदर्शिकेवरून दुसरीवर उतरविणें होय. फ्लॅकच्या पोटांत मूळ आंकड्यांवरून काढलेली एक खूणगांठही सहसा असते. रूपांतरानंतर ती ताडून पाहिली कीं संशयाला जागा उरत नाहीं.

एमपी-थ्रीची गोष्ट वेगळी. तेथें कानाला जाणवणार नाहीं असें जें ठरविलें, तें टाकूनच दिलेलें असतें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत. मोडीचें बाळबोध करणारा कारकून तो पदरचा घाली, आणि त्याचें मराठी चांगलें असेल तर बरोबर घाली. एमपी-थ्रीचें फ्लॅक करणाऱ्या यंत्राला तेवढेंही साधत नाहीं. फाईल फुगते, गेलेला ध्वनि परत येत नाहीं. एका विक्रेत्याकडून फ्लॅक म्हणून घेतलेल्या कांहीं फायलींचा आलेख काढून पाहिला, तेव्हां सोळा हजार कंपनांच्या वर सुरीनें कापल्यासारखी सरळ रेघ दिसली. एमपी-थ्रीलाच फ्लॅकचा अंगरखा चढविलेला होता!

ध्वनीचा प्रश्न असा लौकर सुटला. सुटी खर्चीं पडली ती नांवांवर. प्रत्येक फायलींत ध्वनीबरोबर एक टिपण असतें. फ्लॅकमध्यें या टिपणांत वाटेल तें सदर काढतां येतें: राग, ताल, तबला, स्थळ. ॲपलच्या संग्रहाचीं सदरें ठरलेलीं आहेत, आणि तीं पाश्चात्य संगीत डोळ्यांपुढें ठेवून आंखलेलीं आहेत. 'रचनाकार' या सदरांत मारव्यापुढें कोणाचें नांव घालावें? ज्या सदरांना जोड सांपडत नाहीं, तीं रूपांतराच्या वेळीं बहुधा गुपचूप गळून जातात. शिवाय मल्लिकार्जुन मन्सूर तीन स्पेलिंगांमुळें तीन गवई होतात, आणि सारे पंडित 'पी' खालीं व सारे उस्ताद 'यू' खालीं गोळा होतात, ती करमणूक निराळीच.

माझ्या बाबतींत मात्र ही केवळ गैरसोय नव्हती. आमच्या कॉलेजांत पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असूं. घरगुती बैठकी ते गवयांच्या अनुमतीनें टेपवर घेत. निवृत्तीनंतर त्यांनीं एकेक टेप फ्लॅकमध्यें आणली, त्या फायली जालावर ठेवल्या आणि त्या उतरवून घेण्याची मुभा मला दिली. तीन वर्षांपूर्वीं अण्णा गेले. घर आवरतांना त्यांच्या वह्या रद्दींत गेल्या. कोणत्या दिवाणखान्यांत, कोणत्या रात्रीं, पेटीवर कोण, मागें तंबोऱ्याला कोण, हें आतां त्या फायलींच्या टिपणांतच काय तें उरलें आहे. मधूनच एखादा शेरा येतो: "येथें पाऊस सुरू झाला, बुवा थांबले नाहींत." यंत्राच्या लेखीं या शेऱ्यावांचूनही फाईल पूर्णच असते. खूणगांठ तंतोतंत जुळते, कारण ती केवळ ध्वनीच्या आंकड्यांची असते, नांवांची नव्हे.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांच्या पहिल्या तबकड्या घेतल्या गेल्या, तेव्हां या अडचणीवर किती साधा तोडगा काढला होता! मूळ मुद्रणें जर्मनींत हानोवर येथें छापण्यासाठीं जात. तेथें गाणारी कोण हें कोण ओळखणार? म्हणून गाणें संपतांच गौहर जान स्वतःचें नांव इंग्रजींत खणखणीतपणें सांगत. तें नांव ध्वनींतच गुंफलेलें असल्यामुळें मेणापासून आजच्या फायलींपर्यंत इतकीं रूपांतरें झालीं, तरी गळलेलें नाहीं.

अण्णांच्या बैठकींत असें मध्येंच कोण नांव पुकारणार? तेव्हां मीं प्रत्येक फाईलीचें टिपण आधीं कागदावर लिहून काढलें, आणि मग नव्या रूपांतल्या 'शेरा' या सदरांत उतरविलें. मूळ फ्लॅक दोन निराळ्या ठिकाणीं जपून ठेवल्या आहेत. मुलगी म्हणाली, "बाबा, हें सगळें चार ओळींच्या प्रोग्रामनें तासाभरांत होईल." होईलही. परंतु पावसाचा शेरा वाचल्यावर ती जागा ऐकल्यावांचून पुढें जाववेना. आणि खरोखरच, तानेच्या मागें पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकूं आला. असें दिवसाला पांचसहा फायलींपलीकडे काम सरकत नसे. चार बैठकींच्या टिपणांत तबल्याच्या सदरांत अण्णांनीं नांवाऐवजीं नुसतें प्रश्नचिन्ह घातलें आहे. तें प्रश्नचिन्हही मीं तसेंच उतरवून घेतलें आहे.