कुकडीकाठची राख

चिमटीत घेतली की आधी ती अगदी वस्त्रगाळ वाटते, आजी तांब्याचे हंडे घासायला चुलीतली राख चाळून ठेवायची ना, तशी. पण बोटं जरा जोरानं चोळली की आतून बारीकशी कचकच जाणवते, आणि कळतं, ही चुलीतली नव्हे. भिंगाखाली तिचे कण म्हणजे काचेच्या वाकड्या कपच्या, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. कुठल्याशा ज्वालामुखीच्या पोटात फेसाळलेला रस उसळून हवेत आला आणि तिथंच गोठला.

जुन्नर तालुक्यात बोरीला, कुकडीच्या दरडीत, तिचा फिकट थर आहे. त्याच्याच सोबतीच्या गोट्या-वाळूत माणसानं घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. आपल्या सह्याद्रीतला लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मग ही आली कुठून? काचेच्या घडणीनं बोट दाखवलं ते ३,००० किलोमीटरांपलीकडच्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीकडे. ती आभाळातून उतरत होती तेव्हा या काठावर कुणी मान वर करून पाहिलं असेल का, पोरांना जवळ ओढलं असेल का, हे मी उगाच मनात घोळवत बसतो. असो.

ती पडली कधी, हे राखेलाच विचारता येतं. राखेतल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश फार सावकाश आरगॉन वायू होत जातो. रस तापलेला असताना जुना आरगॉन निसटतो, निवल्यावर नवा साठू लागतो. तो मोजला की राखेचं वय हाती येतं. टांझानियात लेटोलीला राख जिथं पडली तिथंच थिजली, आणि ३६ लाख वर्षांपूर्वी तिच्या ओलीतून चालत गेलेल्यांची पावलं तशीच राहिली. इथं मात्र नदीनं ती धुतली, वाहिली, पुन्हा रचली. अशा राखेत जुन्या काळ्या पाषाणाचे चार कण मिसळले तरी वय भलतंच फुगतं. म्हणूनच की काय, बोरीच्या राखेला कुणी १४ लाख वर्षं दिली, १९९५ मध्ये ६ लाख ७० हजार आली, आणि रसायन पाहणारे म्हणाले, ही तर ७४ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या महास्फोटाची.

केवढी ही तफावत! आणि तरी मला तिचा राग येत नाही. नदीच्या हातून गेलेल्या राखेकडून एका आकड्याचा हट्ट धरणं मला बरं वाटत नाही. त्या दरडीशी कधी गेलात, तर बोट लावून जरूर पाहा. पण उकरू नका आणि पुडीत बांधून घरी आणू नका. उद्या कुणाला ती पुन्हा मोजायची असेल.