अर्धें संभाषण

आगगाडींतील गोंगाटाविषयीं आमची तक्रार आहे, असा कोणी ग्रह करून घेऊं नये. गोंगाटांतच आम्ही वाढलों. ज्या घरांत एकाच वेळीं रुद्राचीं आवर्तनें, मुलांचे पाढे आणि स्वयंपाकघरांतील वाद हे सर्व निर्विघ्नपणें चालत, त्या घरांतील माणसास चहावाल्याच्या आरोळीचें किंवा पत्ते कुटणाऱ्या मंडळींच्या भांडणाचें काय भय वाटणार! डबा अगदींच निःशब्द असला, तर उलट आम्हांस चुकल्याचुकल्यासारखें होतें. असें असूनहि, पुण्याहून मुंबईस आमच्या मुलीकडे जातांना गेलीं कित्येक वर्षें एक आवाज आम्हांस हटकून बेचैन करितो. आणि चमत्कार असा कीं, वर सांगितलेल्या आवाजांपैकीं कोणत्याहि आवाजाहून तो मोठा नसतो. तो असतो शेजारच्या प्रवाशाच्या भ्रमणध्वनीवरील बोलण्याचा.

'भ्रमणध्वनि' हा शब्द ज्यानें योजिला त्याच्या दूरदृष्टीचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. यंत्रास तो कितपत शोभतो हें आम्ही सांगत नाहीं. पण यंत्र कानास लावून डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत येरझारा घालीत बोलणाऱ्या गृहस्थास तो अगदीं चपखल बसतो.

१९९५ सालच्या जुलैच्या ३१ तारखेस कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं पहिलें संभाषण केलें, तेव्हांपासून हें यंत्र आपल्या देशांत आलें. आरंभीं बोलणाऱ्यास पैसे पडत ते पडतच, पण ज्यास बोलावणें येई त्याच्याहि खिशास चाट बसे. त्यामुळें माणसें तारेच्या भाषेंत बोलत. पुढें कांहीं वर्षें तर न बोलतांच बोलण्याची एक मोठी गोड रीत रूढ झाली होती. एकदां घंटी वाजवून बंद केली म्हणजे 'सुखरूप पोंचलों'. दोनदां वाजविली म्हणजे 'स्टेशनावर घ्यावयास या'. २००३ सालीं येणाऱ्या बोलण्याचें मूल्य उठलें, २०१६ नंतर बाकीचेंहि जवळजवळ फुकटांत पडूं लागलें, आणि पैशाच्या भीतीनें जी वाचा आवरली होती ती सुटली.

पण वाचा तर पूर्वीहि सुटलेलीच होती. मग हीच कां खुपते? या प्रश्नाचा छडा विद्वानांनीं लाविला आहे. इंग्लंडांतील यॉर्क विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं एकच संभाषण प्रवाशांच्या कानांवर एकदां समोरासमोर बसलेल्या दोन माणसांकडून घातलें व एकदां भ्रमणध्वनीवरून घातलें. आवाज तितकाच ठेविला, तरी लोकांस भ्रमणध्वनीवरचें बोलणें अधिक त्रासदायक वाटलें, असें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें २०१० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल येथील मंडळींनीं असें दाखविलें कीं, दोघांचें संपूर्ण बोलणें कानांवर पडत असतां माणसाचें हातच्या कामावरील लक्ष तितकेंसें ढळत नाहीं. एकाच बाजूचें ऐकूं आलें म्हणजे मात्र ढळतें. पुढें काय येणार याचा अंदाज बांधीत राहण्याची मनास खोड आहे, आणि अर्ध्या संभाषणांत तो अंदाज बांधतां येत नाहीं. शब्द कळूं नयेत इतके अस्पष्ट करून नुसता आवाज ऐकविला, तेव्हां हा परिणाम नाहींसा झाला. म्हणजे दोष आवाजाचा नव्हे, अर्धेपणाचा. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकानें तर १८८० सालींच, दूरध्वनि अवघा चार वर्षांचा असतांना, घरांत चाललेल्या अशा अर्ध्या बोलण्यावर एक लेख लिहून ठेविला आहे. तेव्हां या दुःखाचें वय यंत्राइतकेंच आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमचा स्वतःचा अनुभव या पंडितांच्या बाजूनेंच साक्ष देतो. एकदां खडकी सुटल्यावर समोरच्या बाई यंत्रांत म्हणाल्या, "बत्तीस? छे, अहो, बत्तीस कुठून आले!" मग बराच वेळ नुसतें "हं". नंतर "आईंना कळलं तर?" आणि एक मोठा उसासा. लोणावळें येईपर्यंत आम्ही हातांतील पुस्तकाचें एकच पान धरून बसलों होतों. बत्तीस काय? हजार रुपये, पाहुणे, कीं पत्रिकेंतील गुण? गुण म्हणावे, तर छत्तीसांपैकीं बत्तीस जुळणें हें उत्तमच. मग तें आईंना कां कळूं नये? बाई लोणावळ्यास उतरून गेल्या. तो बत्तीसाचा आंकडा अजून आमच्यापाशीं पडून आहे.

मोठ्यानें बोलण्याविषयीं फार लिहावयास नको. भोवतींचा गलबला वाढला कीं माणूस नकळत आपला स्वर चढवितो, हें लोंबार नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं सांगून ठेविलें आहे. आणि चालत्या आगगाडीहून अधिक गलबला तो कोठला? शिवाय पलीकडचा माणूस जितका दूर, तितकें मोठ्यानें बोललें पाहिजे, ही ट्रंक कॉलच्या काळची श्रद्धा आमच्या वयाच्या मंडळींच्या मनांतून अजून गेलेली नाहीं. हा अपराध पुष्कळसा अजाणतां घडणारा आहे, आणि त्यास आम्ही क्षमा करूं शकतों.

या त्रासांतून थोडी सुटका होते ती घाटांत. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली, त्या वेळीं बोगदे खोदणारांच्या मनांत हें पुण्य खचित नसेल. गाडी बोगद्यांत शिरते, "हॅलो, हॅलो, ऐकूं येतंय का?" अशी चहूंकडून आळवणी होते, आणि मग एकेक यंत्र खालीं येतें. दोन बोगद्यांच्या मधें दरी दिसते, श्रावणांत कड्यांवरून कोसळणारे धबधबे दिसतात, आणि पुणें सोडल्यापासून ज्यांनीं खिडकीकडे पाहिलें नव्हतें, तीं माणसें "काय पाणी आहे हो!" असें शेजाऱ्यास सांगतात. कोंकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब आहे. तेवढ्या अवधींत चांगली ओळख होऊं शकते.

जुन्या प्रवासांतील बोलणें निरुपद्रवी होतें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. "आपलें आडनांव? मूळ गांव कोणतें? म्हणजे गुहागरचे अमुक तुमचे कोण?" अशी उलटतपासणी सुरू होई, आणि कर्जत येईपर्यंत समोरचा गृहस्थ आमच्या मावससासऱ्यांच्या साडूचा पुतण्या आहे हें सिद्ध होऊन त्याच्या मुलीच्या लग्नाचें आमंत्रण आमच्या खिशांत पडे. हा जांचच होता. पण आपल्यासमोर माणूस बसला आहे, याची त्या बोलणाऱ्यास पक्की जाणीव असे. आजचा बोलणारा आमच्याकडे पाहतो तो भिंतीकडे पाहावें तसा. बँकेच्या कार्डावरचे सोळा आंकडे तो आमच्या देखत खणखणीत स्वरांत वाचून दाखवितो, तो आमच्या सचोटीवर विश्वास आहे म्हणून नव्हे. आम्ही तेथें नाहींच, अशी त्याची समजूत असते म्हणून.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही उभयतां मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीनें पुण्यास परत येत होतों. समोर चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. कल्याण मागें पडेपर्यंत त्यांच्या बोलण्यावरून आम्हां सात-आठ प्रवाशांस पुढील गोष्टी कळल्या: त्यांचे वडील सोलापुरास रुग्णालयांत होते, शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्हावयाची होती, दोन लाख रुपये कमी पडत होते, आणि थोरले बंधु फोन उचलीत नव्हते. मग त्यांनीं आणखी कोणास तरी फोन लाविला आणि बरीच अजीजी केली. तिकडून काय उत्तर आलें, तें त्यांच्या "बरं, ठीक आहे" एवढ्या शब्दांवरून सर्वांस कळलें. यंत्र मांडीवर उपडें ठेवून ते खिडकीबाहेर पाहूं लागले. डब्यांत कोणी कोणाकडे पाहीना. एकानें वर्तमानपत्र उघडलें, एकीनें डोळे मिटले. अखेर आमच्या सौभाग्यवतींनीं मुलीनें बरोबर दिलेला डबा उघडून दशम्या त्यांच्यापुढें केल्या. "नको, मावशी," असें ते हंसून म्हणाले, आणि कानांत इअरफोन घालून त्यांनींहि डोळे मिटले.

घरीं आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "पूर्वींची गोष्ट असती तर मी सरळ विचारलं असतं, वडिलांना काय होतंय म्हणून. आपला भाचा तिथंच डॉक्टर आहे. पैशांचं नाहीं, पण त्याचं नांव तरी सांगितलं असतं."

"मग विचारलं कां नाहींस?"

"त्यांनीं आपल्याला सांगितलं कुठं होतं?"

या उत्तरास आम्हांस अद्याप प्रत्युत्तर सुचलेलें नाहीं. दुःख कानांवर येऊन आदळतें, पण तें आपणांस उद्देशून नसतें. ऐकावें तर लागतें, आणि ऐकलें असें दाखविणें हा असभ्यपणा ठरतो. तो गृहस्थ हळू बोलला असता तर आमची झोंप शाबूत राहिली असती. तो यंत्राऐवजीं आमच्याशीं बोलला असता, तर कदाचित् त्याचें कांहीं काम झालें असतें. झालें तें या दोहोंच्या मधलेंच कांहीं तरी, आणि या पद्धतीतलें हेंच आम्हांस सर्वांत अधिक डांचतें. सात-आठ शेजारी सभोंवार असून माणूस एकटा, आणि सगळें कळूनहि शेजारी निरुपयोगी!

नियम झाले आहेत, नाहीं असें नाहीं. रात्रीं दहानंतर डब्यांत फोनवर मोठ्यानें बोलूं नये व गाणीं वाजवूं नयेत, असें रेल्वेनें २०२२ सालीं ठरविलें. मुंबईच्या बेस्टनें २०२३ सालीं आपल्या बसगाड्यांत तशीच मनाई केली. जपानांत आगगाडींत आपल्या जागेवर बसून फोनवर बोलणें अशिष्टपणाचें मानतात. बोलणें अगदींच भाग पडलें, तर प्रवासी उठून दाराजवळच्या मोकळ्या जागेंत जातो. अमेरिकेंत कांहीं गाड्यांस शांततेचा निराळा डबाच जोडतात. भर डब्यांत मोठ्यानें चित्रफिती लावून बसणाऱ्या वीरांसाठीं असे नियम कितीहि कडक झाले तरी आमची हरकत नाहीं. त्यांच्यासाठीं आमच्यापाशीं दयेचा लेशहि शिल्लक नाहीं. पण नियमाच्या एकाच दांडक्यानें सर्वांस हांकावें, असें म्हणावयास आमची जीभ कचरते. त्याचें कारण एक मुलगी.

ती पुण्यास आमच्या शेजारीं येऊन बसली आणि गाडी सुटतांच तिनें फोन लाविला. "अगं आई," अशी सुरुवात झाली ती थेट कर्जत येईपर्यंत. स्वर हळूच होता. पण आमचा खांदा तिच्या खांद्याशेजारीं, तेव्हां ऐकूं न येऊन करितें काय? मामेसासरे चार माणसें घेऊन आले, भरल्या वांग्यांत मीठ दोनदां पडलें, दोघी पोटभर हंसल्या. मग स्वर आणखी खालीं आला. कचेरींत तिला बढती देऊं केली होती, पण ती घेतली तर बदली नाशिकास. आणि ही गोष्ट तिनें सासरीं अजून कोणापाशीं काढली नव्हती. "घरीं कोणी ना कोणी असतंच गं, बोलूं कुठं?" असें म्हणून तिनें पदरानें डोळे पुसले. घाट आला, फोन तुटला, पुन्हां लागला, पुन्हां तुटला. आमच्या वाचनाचा त्या दिवशींहि बट्ट्याबोळ झाला, पण रागावण्याचें मात्र मनांत आलें नाहीं. पुढें ठाणें गेल्यावर तिनें दुसरा फोन लाविला. आतां स्वर स्वच्छ आणि बेताचा होता. "अहो आई, ठाणं गेलं. येतांना कोथिंबीर आणूं का?"

'अगं आई' आणि 'अहो आई' यांमधलें अंतर पुणें-मुंबई अंतराहून लहान नाहीं, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. त्या मुलीस आपल्या आईशीं मोकळेपणें बोलण्यासाठीं जी एकांताची जागा मिळाली, ती होती ऐंशी अनोळखी माणसांनीं भरलेला आगगाडीचा डबा. आम्ही भिंत होतों, पण ओळख नसलेली भिंत. आणि तिला तशीच हवी होती.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मंडळींनीं आपल्या घरांतील जुना दूरध्वनि आठवून पाहावा. आमच्याकडे तो दिवाणखान्यांत होता, विणलेल्या रुमालाखालीं. लेकीसुना त्यावरून माहेरीं बोलत त्या उभ्या राहून, आणि बोलणें ठराविक असे: "हो. बरी आहे. सगळे बरे आहेत. ठेवूं?" कारण तिन्हीं बाजूंस कान असत. आतां प्रत्येकीच्या हातीं आपआपलें यंत्र आलें, पण घराच्या खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आमची धाकटी सून माहेरचा फोन आला म्हणजे गच्चीवर जाते. गेल्या आषाढांत भर पावसांत एका हातीं छत्री व दुसऱ्या हातीं फोन धरून ती टांकीच्या आडोशास उभी असलेली सौभाग्यवतींनीं पाहिली. त्या तेव्हां कांहीं बोलल्या नाहींत.

आठ दिवसांनीं देवघरालगतची लहान खोली, जींत पापडांचे डबे, जुनीं पंचांगें आणि मोडके पाट यांचा संसार होता, ती त्यांनीं गड्याकडून रिकामी करविली. एक खुर्ची ठेविली, पंखा बसविला, आणि दारास आंतून कडी लावविली. खोली कशासाठीं, हें कोणीं सांगितलें नाहीं, कोणीं विचारलेंहि नाहीं. संध्याकाळीं बहुधा तिचें दार लावलेलें असतें. नातवास हें नवें दार वाजवून पाहण्याची भारी हौस आहे. त्या वेळीं त्यास पत्त्यांचा बंगला करून दाखविण्याचें काम सध्या आमच्याकडे आलेलें आहे.