यंत्राचा ज्वर

गेल्या वैशाखांत जालन्यास आमच्या खोलींतील पारा 41 अंशांवर असतां संगणक आपल्या प्रोसेसरचें उष्णमान 38 अंश दाखवीत होता. पंख्याच्या वाऱ्यानें निवणारी वस्तु त्या वाऱ्याहूनही थंड कशी, हा प्रश्न मनांत न आणितां आम्ही लिहीत राहिलों. पुढें पंखा कापसाच्या तंतूंनीं जखडला, यंत्र आपोआप बंद पडलें आणि दोन तासांचें लेखन गेलें.

ठराविक प्रवाह ठेविल्यास सिलिकॉनच्या डायोडावरील विद्युद्दाब दर अंशास सुमारें 2 मिलिव्होल्ट उतरतो. त्यावरून उष्णता ताडितात. परंतु इंटेलच्या कोअर प्रोसेसरांतील मापक मुळांत धोक्याच्या मर्यादेपासूनचें अंतरच सांगतो. मर्यादेजवळ तो बराच खरा, दूर असतां चुकणारा. तो चुकत होता तेव्हां आम्हीं त्यावर विश्वास ठेविला. खरें बोलूं लागला तेव्हां त्याजकडे पाहिलेंच नाहीं.