तेराचा पाढा आणि पोर्तुगीज घंटा

आमची मुलं शाळेत जात नाहीत म्हटलं की लोकांना वाटतं, यांना काय, रोजच रविवार! पण नातेवाइकांकडे जायचं तर आम्हालाही शनिवार-रविवारच गाठावा लागतो. नवऱ्याचं ऑफिस असतं आणि वाईच्या मावसभावाच्या मुलाची सातवीची शाळा. तो घरी नसला तर आमच्या दोघांना वाईत अर्धाच रस उरतो. म्हणून फेब्रुवारी सरता सरता एका शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो, खंबाटकी ओलांडून सुरूरला उजवीकडे वळलो आणि नाश्त्याच्या वेळेला मावशीकडे पोहोचलो.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलांना घरीच शिकवायचा आमचा निर्णय त्यांना मुळीच पसंत नाही आणि ते तसं लपवतही नाहीत. पोह्यांची बशी हातात येते न येते तोच लेकीला म्हणाले, "तेराचा पाढा म्हण बघू." लेक अकरा वर्षांची. तेरा साती एक्क्याण्णवपर्यंत धडाधड गेली, मग थबकली, बोटांवर हिशेब करून "एकशे चार" म्हणाली.

"हे मिळवून सांगितलंस. पाढा पाठ हवा."

"पण बरोबर आलं ना, आजोबा?"

"आलं. पण तुझं मिळवून होईपर्यंत बाजारात कोण थांबतो?"

मग मोर्चा माझ्याकडे वळला. "अगं, दहावीचं काय करणार आहेस?" हा प्रश्न दर भेटीत ठरलेला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे 'एनआयओएस'ची दहावीची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते, हे मी पुन्हा सांगितलं. "परीक्षा देता येईल गं, पण बसायची सवय?" असं म्हणून ते उठले आणि मुलांना म्हणाले, "चला, चपला घाला."

ढोल्या गणपतीचं दर्शन झाल्यावर काकांनी मुलांना समोर थांबू दिलं नाही, थेट देवळाच्या मागच्या बाजूला नेलं. हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. घाटालगतच आहे, त्यामुळे कृष्णेला पूर आला की पाणी देवळाला भिडतं. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. "अशी का बांधली असेल?" एवढंच विचारून काका पायरीवर बसले. धाकट्यानं आधी "दिसायला छान म्हणून" असं सांगून पाहिलं. काकांनी नुसती मान हलवली. मग तिघं मुलं पाण्यात उतरली. भाच्यानं एक चपटा दगड प्रवाहात आडवा धरला. पाणी त्यावर आदळून उसळलं. तोच दगड टोक पुढे करून धरला, तर पाणी दोन्हीकडून सरळ निघून गेलं. धाकटा ओरडला, "भिंत पाणी कापते!" प्रश्न टाकून गप्प बसायची कला वर्गात आयुष्य काढल्याशिवाय येत नाही. ती मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

दुपारी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली कृष्णेवरचा घाट. 'स्वदेस'चं चित्रीकरण इथे झालं, हे भाच्यानं वाटेतच सांगितलं होतं. मुलांची खरी गर्दी झाली ती घाटावरच्या घंटेपाशी. मोठी धातूची घंटा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. शंकराच्या देवळाशेजारी मेरी कशी, असं लेकीनं विचारलं. आम्ही वसईचा किल्ला पाहिला होता, म्हणून चिमाजीअप्पांचं नाव तिला ठाऊक होतं. १७३९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या. त्यांतलीच ही एक. अशा घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही आहेत. वसईचा वेढा किती दिवस चालला, यावरून भाचा आणि लेक यांची जुंपली. काकांच्या घरी अशा भांडणाला एकच न्यायाधीश, तो म्हणजे मराठी विश्वकोश.

विश्वकोशाचं काम वाईतूनच चाललं. इथल्याच प्राज्ञपाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली आला. आता सगळे खंड इंटरनेटवर आहेत, पण काकांना मोबाईलवरचा पुरावा चालत नाही. घरी आल्यावर 'वसई' शोधायला मुलांना खंड उतरवावा लागला, वर्णक्रम लावावा लागला आणि शेजारच्या चार नोंदी वाचूनच ती उठली. भांडण कशावरून सुरू झालं ते तोपर्यंत दोघंही विसरले होते.

रविवारी दादाच्या, म्हणजे मावसभावाच्या, शेतावर हळद शिजवायचं काम होतं. वाईकडे हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात आणि नऊ महिन्यांनी काढतात. पूर्वी काहिलीत शिजवायचे, आता दादा वाफेची टाकी भाड्यानं आणतो. हळद शिजली की नाही, हे हळकुंडात काडी खुपसून बघतात. काडी अलगद आरपार गेली की झालं. मग पंधरा दिवस ऊन आणि शेवटी ड्रममध्ये घालून पॉलिश. दादा म्हणाला, "अर्ध्या एकरात पासष्ट क्विंटल ओली निघाली. वाळून पाचवा हिस्सा उरते. किती झाली?" लेक शेकड्याचा हिशेब मांडत होती, तोवर भाच्यानं "तेरा" म्हणून टाकलं. तेरा पंचे पासष्ट! लेकीनं काकांकडे पाहिलं. काका वहिनीनं दिलेला चहा पीत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. शेतावरून परतताना तिनं तेराचा पाढा तीसपर्यंत घोकला.

निघण्याआधी भाच्यानं शाळेच्या गॅदरिंगचे फोटो दाखवले. लेझीम, कबड्डीचा संघ, बक्षिसाची ढाल. लेक गप्प झाली आणि मग म्हणाली, "आई, मलाही असं पन्नास जणांबरोबर नाचायचंय." काकांना ही संधीच होती, तरी त्यांनी मला टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाले की शिक्षण हक्क कायद्यानं तिला वयाप्रमाणे वर्गात बसवावंच लागतं, जूनमध्ये तिलाच विचार. आम्ही विचारणार आहोत आणि ती जे म्हणेल ते करणार आहोत.

मुलांना घरी शिकवायचा विचार करणारे अनेक पालक मला अभ्यासक्रम कुठला आणि वह्या कुठल्या असं विचारतात. माझा त्यांना उलटा प्रश्न असतो: तुमच्या निर्णयावर शंका घेणारा, तरीही तुमच्या मुलांना हाताला धरून नदीवर नेणारा एखादा काका तुमच्या नात्यात आहे का? असेल तर त्याला टाळू नका, दर थोड्या दिवसांनी मुलांना त्याच्याकडे न्या आणि त्याला हवे ते प्रश्न विचारू द्या. असा कोणीच नसेल, तर मुलांना शाळेत घालणं जास्त शहाणपणाचं.