नळदुर्गच्या जत्रेतून

नळदुर्ग,
पौष शुद्ध त्रयोदशी

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. सोलापूरला गाडी बदलली, तिथून हैदराबादच्या हायवेने तासाभराची वाट. सासूबाई वाटभर ‘खंडोबाला चाललोय, खंडोबाला चाललोय’ म्हणत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढं दर वेळी आपलं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम येत होतं. आपल्या घरात खंडोबा म्हणजे आधी फुटबॉलची तालीम आणि मग देव. हे सासरच्यांना इतक्या वर्षांत मी समजावून सांगितलेलं नाही, आणि आता जत्रेच्या तोंडावर सांगण्यात अर्थही नाही.

पण आबा, इथला खंडोबा तुम्हाला आवडेल. त्याला दोन गावं आहेत. वर्षातले सव्वादहा महिने तो जवळच्या अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने इथं, बोरी नदीकाठी मैलारपूरच्या देवळात. देव न्यायचा-आणायचा म्हणजे नुसती पालखी उचलायची नाही. दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. होम आणि अवे दोन्ही कागदावर! मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेनं असा एखादा कागद करून ठेवला असता तर मॅचच्या दिवशी पोलिसांना जरा बसायला मिळालं असतं. सध्या देव नळदुर्गात आहे. पौर्णिमेला मोठी जत्रा, त्यामुळं आत्ताच पाय ठेवायला जागा नाही, आणि भंडाऱ्यानं माझ्या सगळ्या साड्या एका रंगाच्या झाल्या आहेत.

सकाळी किल्ला पाहिला. बोरी नदी वळवून, अडवून, तटाभोवती खेळवलीय. किल्ल्यातून समोरच्या रणमंडळाकडं जायला नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटातच महाल काढलाय, पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली बांधलेला. पावसाळ्यात बांधावरून पाणी उसळतं, नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि आत उभं राहणाऱ्याच्या अंगावर थेंब येत नाही म्हणे. आत्ता पौषात धबधबे बंद आहेत, त्यामुळं मी बांधकाम तेवढं बघितलं. उपळ्या बुरुजावर चढले. इंग्रज अमलात हा जिल्हाच ‘नळदुर्ग जिल्हा’ होता आणि ठगांवरची कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर 1853 पासून इथं कारभार बघत होता. ठाणं पुढं 1904 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला गेलं. गावानं ते अजून मनावर घेतलेलं दिसतं. ‘आम्हीच जिल्हा होतो’ हे मला दोन दुकानदारांनी न विचारता सांगितलं.

रात्री मात्र मजा झाली. आम्ही उतरलोय त्या वाड्याच्या अंगणात दहाबारा माणसं कडाकडा भांडत होती. मला वाटलं, निवडणूक. जवळ जाऊन ऐकलं तर विषय खो-खोचा. नव्या नियमांतला ‘वजीर’ असावा की नसावा यावर एक पांढऱ्या टोपीचे गुरुजी लालेलाल झाले होते. आवाज, हातवारे, मधेच उठून निघून जाणं आणि पुन्हा येऊन बसणं, सगळं ओळखीचं. तुमच्या कट्ट्यावर आल्यासारखं वाटलं. उद्या त्यांच्यात जाऊन बसणार आहे.

आईला सांगा, स्वेटर पुरतोय.

तुमची,
शैला

*

नळदुर्ग,
पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय पिंट्या,

आबांना लिहिलं तेवढ्यावर तुझं भागणार नाही, म्हणून हे वेगळं पत्र. तू रात्र-रात्र जागून लंडन-मँचेस्टरच्या मॅचेस बघतोस आणि वर ‘इथल्या खेळाला पब्लिक कुठाय’ असं म्हणतोस. पब्लिक इथं आहे. जत्रेत पथारी टाकून बसलंय.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई, शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळलेल्या. एक पिकअप चालवणारा पोरगा. त्याच्या दोन भाच्या, दोघी खो-खोच्या सरावाला जाणाऱ्या. बाकी ये-जा करणारे. यांची सगळ्यात मोठी मॅच म्हणजे गेल्या वर्षीची, 19 जानेवारी 2025, रविवार. दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियमवर खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल. भारताच्या मुलींनी नेपाळला 78–40 हरवलं आणि पाठोपाठ मुलग्यांनीही नेपाळलाच 54–36. मुलींच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली. म्हणजे ही मॅच यांच्या घरचीच.

आता योगायोग बघ. स्पर्धा सुरू झाली 13 जानेवारीला आणि गेल्या वर्षी पौष पौर्णिमाही 13 तारखेलाच होती. पिकअपवाला शपथेवर सांगतो की तिकडं दिल्लीत पहिला खो पडला तेव्हा इथं दारूकाम चाललं होतं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी तर पुरुषांची मॅच होती. ‘मग काय झालं,’ म्हणाला, ‘देव आठवडाभर हितंच होता की!’ यावर काय बोलणार? आबासुद्धा त्यांच्या त्या शेवटच्या मिनिटाच्या गोलचं साल दर दिवाळीला बदलतात आणि गोल मारणाराही बदलतात. आपण कधी तोंड उघडलंय?

पण एक फरक मला पहिल्यांदा कळला. फुटबॉलवाला आठवण सांगतो ती गोलची. बॉल कुठून आला, कुणी कट मारला, गोली कसा चुकला; सगळी गोष्ट एका क्षणाकडं धावत जाते. ही माणसं सांगतात ती पळती. कोण किती वेळ सापडलं नाही, हे. गुरुजींना पन्नास वर्षांपूर्वीच्या शालेय सामन्यातला गुणफलक आठवत नाही, पण अमुक मुलगी तीन मिनिटं वीस सेकंद पळाली हे आठवतं. अंगणवाडीच्या ताईंनी लग्नाआधीची स्वतःची पळती सेकंदासकट सांगितली आणि त्यांच्या नवऱ्यानं मान हलवून दुजोरा दिला. त्यानं ती बघितलेलीही नव्हती.

म्हणून 78–40 हा आकडा त्यांच्या बोलण्यात फारसा येतच नाही. पहिल्या डावात आपल्या पोरींनी आक्रमण करून 34 गुण घेतले, तिसऱ्याअखेर 73–24 झाले, हे त्यांनी भराभर उरकलं. खरा जीव अडकलाय शेवटच्या सात मिनिटांत. कर्नाटकच्या चैत्रा बी.ची तुकडी संरक्षणाला होती आणि तिची पळती चालली पाच मिनिटं चौदा सेकंद. गुरुजी म्हणाले, ‘पाच मिनिटं चौदा सेकंद म्हणजे किती, कळतंय का तुम्हाला? नुसतं म्हणू नका.’ आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं. सगळ्यांना गप्प बसवलं. खरंच बसवलं, पिंट्या! शेजारी ढोल वाजतायत, कुणीतरी ‘येळकोट येळकोट’ म्हणत अंगावरून जातंय, आणि आम्ही दहाबारा जण घड्याळाकडं बघत बसलोय. दोन मिनिटांनी मला वाटलं, झालं असेल. तीन मिनिटांना एक भाची म्हणाली, ‘इथून ड्रीम रन सुरू.’ नव्या नियमात तुकडी तीन मिनिटं टिकली की संरक्षण करणाऱ्यांनाही गुण मिळू लागतात. चार मिनिटांना ताईंनी पदर तोंडाला लावला, जणू आत्ता कोण बाद होतंय. आधीच जिंकलेली मॅच, तीही वर्षापूर्वीची. पाच-चौदाला गुरुजी ‘बाद!’ म्हणाले आणि सगळे एकदम बोलायला लागले.

आबांच्या कट्ट्यावर नव्वद मिनिटांची मॅच दहा मिनिटांत सांगून होते. इथं पाच मिनिटांची गोष्ट पाच मिनिटंच चालते.

मग पोरी उठल्या. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या जमिनीवर सहाजण उकिडवे बसले, एकाआड एक तोंडं फिरवून, आणि दोन काठ्यांचे खांब झाले. प्रियांकानं कसा खो दिला, खांबाला वळसा कसा घातला, नेपाळची पोरगी कशी पाटी ओलांडता ओलांडता सापडली. इथले पाठीराखे सगळे कधी ना कधी खेळलेले आहेत, हे लक्षात घे. आपल्याकडं स्टेडियमवरच्या किती जणांनी पायात बूट घातलेत? गुरुजींच्या गुडघ्यानं मात्र उठायला नकार दिला. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

माझ्या सासूबाई सोलापूर जिल्ह्याच्या बाजूनं तावातावानं भांडल्या, हेही कळवते. पुरुषांच्या संघातला रामजी कश्यप वेळापूरचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा. त्याचा सूर त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. ‘आमचा रामजी हवेत असतो, तुमच्या पोरी जमिनीवर,’ म्हणाल्या. एरवी त्यांना खेळातलं ‘ख’ कळत नाही.

वजिराचं भांडण सुटलं नाहीच. जुन्या खेळात उठलेल्या गड्याला एकदा दिशा पकडली की मागं फिरता येत नाही. वजीर कुठंही फिरतो. गुरुजींचं म्हणणं, त्यानं खेळाचा कणाच मोडला. पोरी म्हणतात, त्यामुळंच टीव्हीवर बघायला मजा येते. मातीचं आणि मॅटचंही तेच. मला विचारशील तर मी गुरुजींच्या बाजूनं. फिरता येत नाही म्हणून तर पळणाऱ्याला हुलकावणी देण्यात अर्थ आहे. पण उद्या या पोरी मॅटवरच खेळणार, हेही खरं.

मी आपलं अनिकेत जाधवचं सांगितलं. 2017 साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला तो भारताकडून दिल्लीत उतरला, रिक्षावाल्याचा पोरगा, आपल्या कोल्हापूरचा. अमेरिकेनं 3–0 हरवलं तरी आपण टीव्हीपुढून हललो नव्हतो. ऐकून ताई म्हणाल्या, ‘मग तो किती वेळ पळाला?’ मी म्हटलं, नव्वद मिनिटं पळावंच लागतं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

परीक्षेचा अभ्यास कर.

तुझी,
ताई

*

तुळजापूर

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

नळदुर्ग सोडून तुळजापूरला आलो. भवानीचं दर्शन पहाटे झालं. गुरुजी आणि मंडळी त्याच गाडीला होती, त्यामुळं घाटापर्यंत खो-खोच चालला.

पिंट्याच्या पत्रातली मॅच त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी, पण गुरुजींची स्वतःची मोठी जीत वेगळी आहे. ते सारिका काळेचं नाव घेतात. उस्मानाबादची पोरगी. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला आणि सोनं जिंकणाऱ्या आपल्या मुलींची कर्णधार ही. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल 22 वर्षांनी. तेव्हा ती इथं तुळजापुरातच क्रीडा अधिकारी होती. आई शिवणकाम करायची, वडिलांना शारीरिक अडचणीमुळं फारसं काम होत नसे. घरात बरीच वर्षं दिवसाला एकच जेवण मिळत होतं, हे तिनं स्वतः सांगितलेलं आहे. शिबिराला गेलं की पोटभर मिळायचं. पैशाच्या तंगीला कंटाळून मध्यंतरी ती खेळ सोडायलाच निघाली होती. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून परत आणली.

गुरुजींचं म्हणणं असं, की गेल्या वर्षीचा विश्वचषक दिल्लीत जिंकला गेला, पण धाराशिवच्या पोरींसाठी तो त्याच दिवशी जिंकला गेला ज्या दिवशी सारिका परत मैदानावर आली. पिकअपवाल्यानं लगेच हिशेब काढला: विश्वचषकाच्या संघातल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना सरकारनं प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले. ‘आता कुणी एका जेवणावर खेळंल का?’ गुरुजी म्हणाले, ‘खेळंल. सव्वादोन कोटीपर्यंत पोचायच्या आधी सगळ्याच तसंच खेळायल्यात.’ त्यावर गाडीत कुणी काही बोललं नाही, मग कंडक्टरनं तिकिटं मागितली.

मला वाटतं, या माणसांच्या आठवणीत जिंकण्याला एवढं वजन आहे ते म्हणूनच. आपल्या तालमी हरल्या तरी पुढच्या मोसमात मैदानात असतात, त्यांच्यामागं अख्खी पेठ उभी असते. इथं तसा एकही क्लब कुणाच्या तोंडी आला नाही. तोंडी येतात त्या पोरी, त्यांच्या शाळा, त्यांचे मास्तर. पोरीचं लग्न झालं, घर बदललं, की खेळ तिथंच थांबायचा. अंगणवाडीच्या ताईंचा थांबलाच. त्यांनी आपली पळती सेकंदासकट जपून ठेवलीय, त्यात नवल नाही.

आता तुमच्याकडं एक काम आहे. मी कोल्हापूरची म्हटल्यावर गुरुजी म्हणाले, ‘मग तुम्हाला माहीत असायलाच पाहिजे.’ खो-खोची पहिली राष्ट्रीय पुरुष स्पर्धा 1959-60 ला विजयवाड्यात झाली आणि महिलांची पहिली त्याच्या पुढच्या वर्षी, 1960-61 ला, आपल्या कोल्हापुरात! मला ठाऊक नव्हतं, तुम्हीही कधी बोलला नाहीत. फुटबॉलपुढं आपल्याला दुसरं काही दिसतंय कुठं? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. गुरुजींना विचारायचं आहे की ती कुठल्या मैदानावर झाली, आणि प्रेक्षकांत कोण कोण होतं. कट्ट्यावर वयानं मोठी जी दोनचार मंडळी उरलीत त्यांना विचारून ठेवा. आत्याला जरूर विचारा. ती त्या वर्षांत शाळा बुडवून कुठं जात होती हे आजोबांना कधीच कळलं नव्हतं म्हणे. उत्तर मिळालं तर मला फोन नको, कागदावर लिहून पाठवा, म्हणजे गुरुजींना तसंच पुढं धाडता येईल. त्यांचा पत्ता घेतलाय. आणि कुणाची पळती आठवत असेल तर मिनिटं-सेकंद नीट विचारून लिहा. अंदाजे लिहिलेलं त्यांना चालणार नाही.

सोलापूरला परवा पोचू. आईला नमस्कार.

तुमची,
शैला