पोब्लानो मिरचीची साल

चिलेस रेयेनोस करायचे ठरले की त्या सकाळी मी दुसरं कुठलंच काम हाती घेत नाही. चीज भरलेल्या मिरच्या, वर अंड्याचं हलकं आवरण आणि खाली टोमॅटोचा रस्सा, एवढाच हा पदार्थ. पण घाई केली की तो लगेच बिघडतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मेक्सिकोतल्या पुएब्लात राहतो. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे, तसा इथेही आहे. पोब्लानो मिरची याच गावची म्हणून ओळखली जाते. गडद हिरवी, खांद्याशी रुंद, टोकाला निमुळती. हीच पिकून वाळली की आंचो होते आणि मोले नावाच्या इथल्या दाट रश्श्यात पडते. आपल्याकडे मिरची पोर्तुगिजांबरोबर आली आणि जेवणाला तिखटपणा देण्याच्या कामाला लागली. इथे, जिथली ती मूळची, तिथे ती स्वतःच भाजी आहे. तिला स्वतःची चव आहे, आणि ती उतरते भाजण्यात.

देठ चिमट्यात धरून मिरची थेट ज्योतीवर फिरवायची. साल फुगते, तडतडते, काळी पडते. भरताच्या वांग्यासारखंच, फक्त वांगं आतपर्यंत शिजवतो आणि इथे गर घट्ट राहायला हवा, नाहीतर भरताना मिरची फाटते. मग पिशवीत बांधून थोडा वेळ घाम येऊ द्यायचा. सोलणं कसं ते शेजारच्या सेन्योरांनी त्यांच्या ओट्याशी उभं करून दाखवलं. नळाखाली धरायची नाही, नाहीतर भाजल्याचा वास पाण्याबरोबर निघून जातो. शेजारी वाटीत पाणी ठेवायचं आणि त्यात फक्त बोटं बुडवायची. अंगठ्याने साल पुढे सारली की खालून ओलसर, फिकट हिरवा गर दिसतो. काळे ठिपके थोडे राहिले तर राहू द्यायचे.

मग एका बाजूला उभी चीर द्यायची, देठ शाबूत ठेवून. बियांचा गोळा काढायचा आणि पांढऱ्या शिराही, कारण खरा तिखटपणा शिरांमध्येच असतो. पोब्लानो एरवी सौम्य, पण एखादी झणझणीत निघतेच. आत केसियो हे ओआहाकाचं चीज भरते. मोझरेलासारखंच ते गरम करून, ओढून, तारा काढून करतात.

आवरणासाठी आधी अंड्याचा फक्त पांढरा भाग फेटायचा, भांडं उलटं केलं तरी हलू नये इतका. मग बलक हलक्या हाताने मिसळायचे. मिरची आधी मैद्यात घोळवायची, नाहीतर आवरण घसरतं. तेलात सोडली की चमच्याने वरून तेल उडवत राहायचं, म्हणजे उलटताना चीर उघडत नाही.

टोमॅटो, कांदा, लसूण वाटून, गाळून, तापल्या तेलावर ओतलं की रस्सा झाला. यात जिरं-धने घालावेत असं घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला सुचतं. मी घालू देत नाही. मसाला पडला की भाजल्या मिरचीचा वास गेलाच म्हणून समजा.

ऑगस्टमध्ये अक्रोडाचा पांढरा रस्सा आणि डाळिंबाचे दाणे घातलेल्या चिलेस एन नोगादाची अख्ख्या शहराला ओढ लागते. मला मात्र ईस्टरआधीच्या उपवासांत मांसाऐवजी होणाऱ्या या चीजच्या मिरच्याच जवळच्या वाटतात.

सासूबाई अंडं खात नाहीत. त्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी नुसतीच भरलेली मिरची तव्यावर झाकून गरम केली, चीज वितळेपर्यंत. त्यांनी आणखी एक मागून घेतली. तेव्हापासून थोड्या मिरच्या मी आवरणाशिवायच ठेवते, त्यांत गराची चव जास्त उठून येते. सेन्योरांना हे बिलकुल पटत नाही. अंड्याशिवाय तो पदार्थ अर्धाच, असं त्या मला दर वेळी ऐकवतात.