अंबडचा काटा

पांडवलेण्यांचा डोंगर समोर ठेवून वसलेले नाशिकजवळचे अंबड आता कारखान्यांचे गाव झाले आहे. इथल्या लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो. तो पाहताना मला जुन्या शिकारी रायफली आठवल्या. हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम १९१२ ची. तिची लांब, निमुळती पुंगळी कॉर्डाइट दारूच्या काड्यांसाठी घडवलेली. पण कॉर्डाइट भारी तापट! विलायतेच्या थंडीत गरीब वाटणारी ही दारू आपल्या उन्हाळ्यात भलताच दाब देई. म्हणून उष्ण देशांसाठी दारू कमी भरलेली काडतुसे निराळी निघत. नेम म्हणजे नुसता डोळा नव्हे, वाचकहो! दारू सारखी, गोळीचे वजन सारखे, तरच गोळ्या एका ठिकाणी लागतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला. बिबट्या मात्र उसातून निघून नाशिकच्या वस्त्यांत शिरतो. आता त्याच्यावर रोखतात ती भुलीची बंदूक. तिथेही काटा महत्त्वाचा: औषध कमी पडले तर चवताळलेला बिबट्या माणसांत, जास्त झाले तर त्याचाच जीव जायचा. शिकाऱ्याला दारू तोलायला सारी रात्र मिळे; या डॉक्टरला बिबट्याचे वजन लांबूनच, गर्दीच्या आरडाओरड्यात अदमासावे लागते. आपण एवढेच करावे: मुकाट्याने घरात जावे आणि त्याला त्याचा काटा नीट पाहू द्यावा.